सही चालतेय तोवर करून ठेवा: आईबाबांच्या म्हातारपणाचे कागद, खर्च आणि घर

बाबांना स्ट्रोक आला तेव्हा उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी त्यांच्या डाव्या हातात पेन दिलं, मांडीवर पॅड ठेवलं, एफडी मोडायच्या फॉर्मवर सही हवी होती. त्यांनी नावाचं पहिलं अक्षर काढायला घेतलं आणि रेघ खाली खाली घसरत पार कागदाबाहेर गेली. मग ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. पैसे त्यांचे, आजारपण त्यांचं, आणि एफडी एकट्याच्या नावावर. नॉमिनी आई होती, पण नॉमिनीचा संबंध माणूस गेल्यावर येतो, माणूस जिवंत असताना नॉमिनी एक रुपयाही काढू शकत नाही, हे मला बँकेच्या काउंटरवर उभं राहून कळलं.

तेव्हापासून ओळखीत कुणाचे आईवडील साठीच्या पुढे गेले की मी हेच सांगत बसते, की वाटणी कशी करायची याच्या आधी शेवटची दहा-पंधरा वर्षं कशी जाणार त्याचे कागद करा, आणि सही चालतेय, डोकं जागेवर आहे तोवरच करा. मी वकील नाहीये. दोन्ही बाजूच्या मिळून चार म्हाताऱ्या माणसांचं करताना जे शिकले ते क्रमाने लिहितेय. कागद करताना वकील बघाच, पण वकिलाकडे जाताना काय मागायचं ते आपल्याला माहीत असलेलं बरं.

आधी एक वही

एका रविवारी आईबाबांसोबत बसा आणि साध्या वहीत लिहून काढा. कुठल्या बँकेत खाती, एफडी कधी संपते, पोस्टात काय आहे, विम्याच्या पॉलिसी, पेन्शनचा पीपीओ नंबर (पेन्शन मंजुरीच्या कागदावरचा), लॉकर, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, गावाकडचा सातबारा आणि आठ-अ, कुणाला उसने दिलेत, कुणाला जामीन राहिलेत. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहायच्या: नाव कुणाकुणाचं, नॉमिनी कोण, मूळ कागद कुठे. पासवर्ड आणि पिन वहीत लिहू नका. आमच्याकडे या वहीतून एक पोस्टाचं खातं निघालं ज्यात नॉमिनी म्हणून आजी होती, आजीला जाऊन तोवर एकोणीस वर्षं झाली होती. गावच्या जमिनीची वारस नोंद तर बहुतेक घरात राहिलेलीच असते, आजोबांचं नाव तसंच सातबाऱ्यावर. ती आधी लावून घ्या, कारण आजोबांच्या नावावरची जमीन बाबांना विकता येत नाही आणि जितके वारस वाढत जातात तितक्या सह्या वाढत जातात.

बँक

आई आणि बाबा दोघांची खाती जॉइंट करा, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीने, म्हणजे दोघांपैकी कुणीही व्यवहार करू शकतं. जमलं तर ज्याच्यावर पूर्ण विश्वास आहे अशा एका मुलाचं किंवा मुलीचं नाव निदान रोजच्या खर्चाच्या एका खात्यात घाला, सगळ्या नाही, एकाच, आणि त्यात सहा महिने निघतील एवढेच पैसे ठेवा. एफडीबद्दल एक बारीक गोष्ट आहे जी मला उशिरा कळली: एफडी 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असली तरी मुदतीआधी मोडायची असेल तर बँका बऱ्याचदा दोघांच्याही सह्या मागतात. म्हणून एक पंधरा लाखांची एफडी करण्यापेक्षा दीड-दीड लाखांच्या दहा करा, वेगवेगळ्या महिन्यात संपणाऱ्या, म्हणजे दर एक-दोन महिन्यांनी काहीतरी आपोआप बचत खात्यात येत राहतं आणि मोडायची वेळच कमी येते.

सही गेली म्हणजे सगळं बंद, असंही नसतं. आम्हाला पहिल्यांदा तेच सांगितलं गेलं आणि आम्ही गुपचूप परत आलो. रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत की आजारी किंवा म्हातारा खातेदार सही करू शकत नसेल तर अंगठा चालतो, हाताचा नाहीतर पायाचा, दोन स्वतंत्र साक्षीदार हवेत आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. मी अर्ज लेखी दिला, पोच घेतली, मग एक अधिकारी घरी आले. बाबांच्या पलंगापाशी खुर्ची ओढून बसले आणि त्यांना सावकाश विचारलं, "काका, पैसे काढायचेत ना?" बाबांनी मान हलवली, नीट हलवली, त्यांना सगळं समजत होतं फक्त शब्द येत नव्हते. डाव्या हाताचा अंगठा घेतला, डॉक्टरांचं पत्र जोडलं, पैसे मिळाले. पण यात सहा आठवडे गेले आणि तेवढ्यात दादाने पर्सनल लोन काढलं होतं. सत्तरीच्या पुढच्यांना घरपोच बँकिंगची सोय द्यायला बँकांना रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच सांगितलंय, ती आधीच चालू करून ठेवा.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात, कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नॉमिनीच्या हातात पैसे दिले की बँक मोकळी होते, खरा हक्क मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणे ठरतो. शेअर्सच्या बाबतीतही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. सोसायटीच्या फ्लॅटचंही तेच, नॉमिनी तात्पुरता सभासद होतो, त्याने फ्लॅट त्याचा होत नाही. विम्यात मात्र २०१५ पासून थोडं वेगळंय, आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर तो पैसा सहसा त्यांचाच धरला जातो. तेव्हा नॉमिनी आणि मृत्युपत्र यात एकच नावं असतील असं बघा, दोन्हीकडे वेगवेगळी नावं ठेवली की भांडण आपणच लावून जातो.

कुलमुखत्यारपत्रावर सगळं सोडू नका

हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे आणि चांगली शिकलेली माणसं यात फसतात. "आम्ही बाबांचं पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करून घेतलंय, आता काळजी नाही." ज्याने अधिकार दिला त्याचीच बुद्धी शाबूत राहिली नाही तर कुलमुखत्यारपत्र तिथेच संपतं, १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ मध्येच ते आहे. काही देशांत माणूस भानावर नसतानाही चालणारं मुखत्यारपत्र असतं, आपल्याकडे तसं नाही. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद केला, डिमेन्शिया, कोमा, त्याच दिवशी तो निरुपयोगी. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ऑफिसात जाता येत नाही, परदेशात मुलाकडे गेलेत, अशा वेळी तो उपयोगी आहे आणि जरूर करावा, पण अधिकार मोजके लिहा. बँक, पेन्शन, वीज, टॅक्स, विम्याचे क्लेम एवढे पुरेत. घर विकायचा अधिकार सवयीने घालून टाकू नका.

भान गेल्यावर मग काय, तर हायकोर्ट. कोमातल्या किंवा पूर्ण स्मृती गेलेल्या माणसाचा पालक नेमायला आपल्याकडे सोपा कायदा नाहीये, म्हणून लोकांना राज्यघटनेच्या कलम २२६ खाली हायकोर्टात जावं लागतं, डॉक्टरांचे अहवाल लागतात, सगळ्या वारसांची संमती लागते आणि नंतर हिशोबही द्यायला लागू शकतो. नात्यातल्या एका काकूंनी काकांसाठी हे केलंय. बायको असूनही नवऱ्याच्या पैशासाठी 'मी यांची पालक आहे' हे कोर्टाकडून लिहून आणायला लागलं, हे त्यांना फार लागलं होतं. जॉइंट खाती आणि वेळेवर लावलेली कागदपत्रं असली तर ही वेळ बऱ्याच अंशी टळते.

खर्चाचा अंदाज, खरा

म्हातारपण म्हटलं की आपण हॉस्पिटलचं बिल डोळ्यासमोर आणतो. ते एकदाच येतं. कंबर मोडते ती नंतरच्या घरच्या खर्चाने. ब्युरोकडून येणारी, आजाऱ्याचं करणारी मावशी बारा तासांची की चोवीस तासांची, तिची सुट्टी असेल त्या दिवशी बदली, डायपर, एअर बेड, कॅथेटर बदलायला नर्स, फिजिओ, औषधं. समजा हे सगळं महिना पंचवीस हजारात बसवलं तर वर्षाचे तीन लाख, आणि दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढत गेले तर आठ वर्षांचे जवळपास बत्तीस लाख. एका माणसाचे. तुमच्या भागातले ब्युरोचे दर विचारून हाच गुणाकार तुमच्या आकड्यांनी करा आणि तो आकडा समोर ठेवून मगच 'घर कुणाला' हा विषय काढा.

मेडिक्लेम यातलं फारसं काही देत नाही, तो मुख्यतः अ‍ॅडमिट झाल्यावरचा खर्च देतो. तरीही तो हवाच. १ एप्रिल २०२४ पासून विमा कंपन्यांनी पासष्टीच्या पुढच्यांसह सगळ्या वयाच्या लोकांसाठी पॉलिसी ठेवायला हव्यात असा नियम आहे, आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षं वाट बघायला लावता येते, आणि सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर वेगळं. म्हणून फॉर्म एजंटला भरू देऊ नका, बीपी-शुगर-जुनी ऑपरेशनं सगळं स्वतः लिहा. सत्तरी पूर्ण झालेल्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालंय, आधार कार्डवर निघतं. हे पाच लाख घरातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांना मिळून आहेत आणि यादीतल्या हॉस्पिटलमध्येच चालतं, त्यामुळे जवळचं कुठलं हॉस्पिटल यादीत आहे ते आजच बघून ठेवा, रात्री दोन वाजता बघायची ती गोष्ट नाही.

ठरावीक काळाने पैसा येत राहण्यासाठी पोस्टातली किंवा बँकेतली सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीम मला सगळ्यात बरी वाटते. साठीपुढच्या माणसाला तीस लाखांपर्यंत भरता येतात. व्याजदर एप्रिल २०२३ ला ८.२ टक्के झाला, भरायच्या दिवशी चालू दर बघून घ्या, एकदा भरले की पाच वर्षं तोच दर. तीस लाखांवर ८.२ टक्क्यांनी तिमाहीला साडेएकसष्ट हजार येतात. आई आणि बाबा दोघांच्या नावाने वेगवेगळी खाती काढता येतात.

आणि पैसे नसतील, नुसतं घर असेल तर? रिव्हर्स मॉर्टगेजबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही, घर गहाण म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. नॅशनल हाउसिंग बँकेने २००७ मध्येच याची पद्धत घालून दिलीय. साठी पूर्ण झालेल्याने स्वकष्टाचं राहतं घर बँकेकडे तारण ठेवायचं, बँक महिन्याला किंवा तिमाहीला पैसे देते, घरात राहायचं, आपल्या हयातीत फेडायची गरज नाही, आणि नंतर मुलांना हवं असेल तर कर्ज भरून घर सोडवता येतं. सगळ्या बँका देत नाहीत आणि व्याज चढत जातं हेही खरं. पण एखादी ऐंशी वर्षांची बाई पाऊण कोटींच्या फ्लॅटमध्ये राहते आणि मावशी ठेवायला पैसे नाहीत म्हणून दिवसभर एकटी पडून असते, असं मी बघितलंय. घर तिचं आहे, तिच्यासाठी वापरलं तर बिघडलं काय?

दोनशे रुपयांचं बक्षीसपत्र

आता मुद्द्याचं. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नवरा-बायकोला, नातवंडांना किंवा मयत मुलाच्या बायकोला बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त दोनशे रुपये, वर ठिकाणाप्रमाणे स्थानिक अधिभार आणि नोंदणी. इतकं स्वस्त असल्यामुळे नातेवाईक, एजंट, कधी कधी मुलंसुद्धा सांगतात, "आत्ताच करून टाका ना, नंतर कटकट नको." आणि आईबाबा प्रेमापोटी करून टाकतात. बक्षीसपत्र रजिस्टर झालं त्या क्षणी घर तुमचं राहत नाही, मन बदललं तरी परत येत नाही. त्या मुलावर कर्ज झालं, त्याचा घटस्फोट झाला, तो तुमच्या आधी गेला, तर तुम्ही राहताय ते घर त्या सगळ्यात ओढलं जातं. मुलगा वाईट असायला लागतो असं अजिबात नाही, त्याचं नशीब फिरलं तरी पुरतं.

घर शेवटपर्यंत स्वतःच्या नावावर ठेवा आणि मृत्युपत्र करा, माझं सांगणं एवढंच आहे. मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येतं आणि तुम्ही असेपर्यंत त्याने कुणालाही काही मिळत नाही.

काही कारणाने बक्षीसपत्र करायचंच असेल तर दोन वाक्यं त्यात असल्याशिवाय सही करू नका. एक, देणाऱ्याला आणि त्याच्या जोडीदाराला हयातभर त्या घरात राहण्याचा हक्क राहील. दोन, घेणारा त्यांचा सांभाळ, औषधपाणी आणि रोजच्या गरजा भागवेल या अटीवर हे बक्षीस दिलंय. हे दुसरं वाक्य का, तर २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा, त्याचं कलम २३. सांभाळाच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही, तर तो व्यवहार फसवणुकीने झाला असं धरून या कायद्याखालचं न्यायाधिकरण तो रद्द करू शकतं. पण अट असली पाहिजे. डिसेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका आईची बाजू मान्य केली नाही, कारण सांभाळाच्या अटीवर दिलं होतं हे दाखवता आलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या एका आईच्या प्रकरणात अशी अट लिहिलेली होती, तिथे कोर्टाने बक्षीसपत्र रद्द ठरवलं आणि घराचा ताबाही आईला परत द्यायला सांगितलं. एका ओळीचा फरक.

हक्कसोडपत्राचंही असंच. बाबा गेले की पंधराव्या दिवशी कुणीतरी म्हणतं, आई आणि ताईने दादाच्या नावे हक्क सोडून द्या, एकाच्या नावावर सोपं पडतं. हिंदू वारसा कायद्यात नवरा गेल्यावर बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई हयात असेल तर ती, सगळ्यांना सारखा वाटा असतो. मुलीने सोडायचं का तो तिचा प्रश्न, पण आईने निदान तिच्या हयातीत स्वतःचा वाटा सोडू नये. आमच्याकडेही हा विषय निघाला होता, दादाच आधी म्हणाला की आईचं नाव राहू दे, आणि त्या वाक्याने घरातलं निम्मं ओझं उतरलं.

मृत्युपत्र कसं करायचं

साध्या कागदावर चालतं, स्टँप लागत नाही. करणाऱ्याची सही, तारीख, आणि दोन साक्षीदार ज्यांनी ती सही होताना स्वतः बघितली आणि मग त्याच्यासमोर आपली सही केली. साक्षीदार वयाने लहान घ्या, तुमच्यानंतर कोर्टात यायला ते असायला हवेत, आणि ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार आहे ते घेऊ नका. एक फॅमिली डॉक्टर असले तर उत्तम. सत्तरीच्या पुढे असाल तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा की माणूस शुद्धीत आणि विचार करण्याच्या स्थितीत आहे. रजिस्टर करणं सक्तीचं नाही, मी म्हणेन कराच. माणूस अंथरुणाला असेल तर कारण देऊन अर्ज केला की दुय्यम निबंधक घरी येऊन नोंदणी करू शकतात, कायद्यात तशी सोय आहे.

मजकूर साध्या मराठीत लिहा. फ्लॅटचा नंबर, गट नंबर, खात्यांची नावं स्पष्ट, आणि "याशिवाय जे काही असेल किंवा पुढे मिळेल ते सर्व" अमक्याला, ही ओळ विसरू नका. व्यवस्थापक, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे वाटप करून देणारा, म्हणून एकाचं नाव द्या. एखाद्या मुलाला कमी देत असाल तर का ते एका वाक्यात लिहा, रागाने नाही. जो जवळ राहून करतोय त्याला थोडं जास्त द्यावंसं वाटत असेल तर तेही मोकळेपणाने लिहा. वडिलोपार्जित मालमत्तेत स्वतःच्या वाट्यापुरतंच लिहिता येतं, आणि मुलींनाही जन्मापासून मुलांइतकाच हक्क आहे, २००५ ची दुरुस्ती आणि २०२० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल यानंतर त्यात काही वाद उरलेला नाही. मुस्लीम घरांत वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाच्या वर मृत्युपत्राने देता येत नाही, तेव्हा तिथे त्यांच्या कायद्यातल्या जाणकार वकिलाकडे जा.

आईचं मृत्युपत्र वेगळं करा. हे लोक विसरतातच. विशेषतः मूलबाळ नसलेल्या बाईने तर उद्याच करावं, कारण हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे नवरा नसेल आणि मुलं नसतील तर तिची स्वतःची कमाई आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर. आईवडिलांकडून वारशाने आलेलं तेवढं माहेरी परत जातं. आयुष्यभर नोकरी केलेल्या माझ्या एका मावशीला हे वाचून दाखवलं तेव्हा ती गप्प झाली आणि पुढच्याच आठवड्यात वकिलाकडे गेली.

घरात मतिमंद, ऑटिस्टिक किंवा बहुविकलांग मूल असेल तर नुसतं मृत्युपत्र पुरत नाही, त्याच्या नावावर घर करून भागत नाही कारण ते सांभाळणार कोण. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक समिती पालक नेमते, तो अर्ज आणि त्या मुलासाठी खासगी ट्रस्ट या दोन गोष्टी आईवडील हिंडते-फिरते असतानाच करायच्या.

जामीन, फोन, आणि शेवटचा काळ

म्हाताऱ्यांची पुंजी जाते त्यातलं एक कारण म्हणजे जामीनकी. पोराच्या, पुतण्याच्या धंद्याच्या कर्जाला बाबा सही करतात. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, बँक थेट जामीनदाराकडे येऊ शकते. साठीनंतर कुणालाही जामीन राहायचं नाही असा घराचा नियमच करा, म्हणजे नाही म्हणताना वाईट वाटत नाही. उलट बाजूने, वडिलांचं कर्ज मुलाने स्वतःच्या पगारातून फेडलंच पाहिजे असं नसतं, वारशाने जेवढं मिळालं तेवढ्यापुरतीच जबाबदारी, अर्थात तुम्ही स्वतः जामीन राहिला नसाल तर. वसुलीवाले घाबरवतात म्हणून हे माहीत हवं.

दुसरं कारण फोन. पोलीस बोलतोय, तुमच्या नावाचं पार्सल सापडलंय, व्हिडिओ कॉल चालू ठेवा. डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार कायद्यातच नाही हे आईबाबांना दर महिन्याला सांगा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७. दोन्ही नंबर मोठ्या अक्षरात फोनशेजारी चिकटवा.

शेवटच्या उपचारांबद्दलचा कागद, म्हणजे लिव्हिंग विल, हा बोलायला जड विषय आहे. सुप्रीम कोर्टाने मार्च २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची नोंद, बस. बरं होण्याची आशा उरली नाही तर मला व्हेंटिलेटरवर ठेवू नका, आणि माझ्या वतीने अमुक माणूस निर्णय घेईल, हे लिहायचं. प्रत्यक्षात उपचार थांबवायला डॉक्टरांची दोन मंडळं बघतात, त्यामुळे कुणी गैरफायदा घेईल ही भीती बरीच कमी आहे. बाबांचा असा कागद नव्हता. आयसीयूच्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून आम्ही तिघं ठरवत होतो, आणि जे ठरवलं ते बाबांना हवं होतं का हे मला आजही माहीत नाही. आईने तिचा स्वतःहून केला.

सगळं करूनही मुलं विचारत नसतील तर प्रांत ऑफिसात २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली अर्ज करता येतो, साध्या कागदावर, वकिलाशिवाय. महिना दहा हजारांपर्यंत निर्वाह खर्च मिळू शकतो आणि नोटीस लागल्यापासून नव्वद दिवसांत निकाल द्यायचा असतो, फार तर तीस दिवस वाढवून. मूलबाळ नसलेल्यांना, ज्या नातेवाइकाला पुढे त्यांची मालमत्ता मिळणार आहे त्याच्याकडे मागता येतं. पोटच्या पोरावर अर्ज कसा करायचा म्हणून बायका तिथपर्यंत जातच नाहीत, मी त्यांना एवढंच म्हणते की आधी नुसती माहिती घेऊन या.

आणि भावंडांसाठी एक: करणारा कोण, पैसे देणारा कोण, हे लिहून ठेवा. आम्ही साधी शीट केली, खर्च, तारीख, कुणी भरले. वहिनीच्या रात्री जागण्याला त्या शीटमध्ये रकाना नव्हता म्हणून दादाशी बोलून महिन्याची एक ठरलेली रक्कम आईच्या खात्यातून तिच्या खात्यात जायला लागली, लेखी, सगळ्यांना माहीत असलेली. ती आधी नको म्हणाली. मग घेतली.

आईच्या मृत्युपत्राच्या नोंदणीला आम्ही गेलो तेव्हा तिचा फोटो काढताना तिने चष्मा काढावा की ठेवावा यावर पाच मिनिटं गेली. आता ते मृत्युपत्र, लिव्हिंग विल, वय वंदना कार्डाची झेरॉक्स आणि ती वही असं सगळं एका निळ्या फाइलमध्ये कपाटाच्या मधल्या खणात आहे, चावी एक दादाकडे, एक माझ्याकडे. दर जानेवारीत उघडून बघायची. यंदा दोन एफडी संपतायत आणि पोस्टातला नॉमिनी बदलायचाय, तो फॉर्म मी आणून ठेवलाय, आईची सही घ्यायची आहे रविवारी.